अर्थिंग

गारांचे ढग दिसले की शिओ घंटा बडवायचा.
अलाझानीच्या खोऱ्यातली ही जुनी रीत :
द्राक्षं भरत आली की ढगांना धातूचा आवाज ऐकवायचा,
म्हणजे ते डोंगरापलीकडे निघून जातात.
कधी जात. कधी जात नसत.

त्या ऑगस्टात गेले नाहीत.
दोरी भिजलेली, शिओचे हात दोरीवर.
मी खाली वेदीपाशी
त्याच्याचसाठी प्रार्थना करत होतो,
आणि शब्द तोंडात अर्धा असताना
मनोरा पांढरा झाला.

देव तारी त्याला कोण मारी
असं मी दफनाच्या वेळी म्हणालो नाही.
काय म्हणालो, आठवत नाही.
बाबाले म्हातारी तेवढी म्हणाली,
आभाळच फाटलं, ठिगळ कुठे कुठे लावणार.

अकरा वर्षांनी त्याची मुलगी आली, इयाम्झे,
शहरात वीज खात्यात नोकरी,
खांद्यावर तांब्याच्या पट्टीचं वेटोळं.
"फादर, क्रुसाला अर्थ दिलाय का?"
चाळीस वर्षं मी तेवढंच करत आलो
अशी माझी समजूत.
"तसा नाही," ती म्हणाली, आणि शिडी मागितली.

मी खालून विचारलं, देव मानतेस?
"तेरा नंबरचा पाना द्या."
मी दिला.
बराच वेळ नुसता पान्याचा आवाज.
मग वरूनच म्हणाली,
"ठिगळ नको आभाळाला. त्याला खाली यायचंय.
वाट करून द्या,
माणसातून न जाणारी."

उत्तरेच्या भिंतीशी खड्डा खणला,
माणसासाठी खणतो त्याहून खोल.
कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ,
लोणचं घालावं तसे थर.
यंत्राची सुई पाहून तरी ती नाखूश.
"ओहम फार आहेत."
तो शब्द तिच्या तोंडून
मला लांबच्या कुठल्या धर्मातल्या मंत्रासारखा ऐकू आला.
माती कोरडी होती.
कोरडी माती वीज पोटात घेत नाही.
"रोज एक बादली. उन्हाळ्यात दोन. विसरायचं नाही."
विसरलो तर?
"मग प्रार्थना करा."
ती हसली नाही. मीही नाही.

तेव्हापासून संध्याकाळची उपासना झाली
की झगा वर खोचून मी बादली ओततो.
पहिल्या वर्षी लोक बघत राहिले.
दुसऱ्या वर्षी टोप्या काढू लागले.
मग कुणीतरी मेणबत्ती लावली.
पोरं विचारतात, इथं कोणता संत पुरलाय?
बाबाले तिथली ओली माती गुडघ्यांना चोळते,
म्हणते, उतार पडतो.
दर शनिवारी मी ठरवतो,
उद्या सांगायचं : बाबांनो, हे तांबं आहे, हे मीठ आहे.
रविवारी उभा राहतो
आणि द्राक्षांच्या भावाबद्दल बोलतो.

गेल्या जूनमध्ये पडली. क्रुसावरच.
घंटेला नुसता शहारा आला,
कुणी न ओढता ती स्वतःशी वाजली.
खड्ड्यातून वाफ. बाकी काही नाही.
देवानं वाचवलं, लोक म्हणाले.
मी इयाम्झेला फोन लावला.
"जोड तपासून घ्या," ती म्हणाली.
मग गप्प. नुसता श्वास.
मग, "घंटा कशी वाजली?"
मी सांगायचा प्रयत्न केला.

गारा मात्र त्याच रात्री पडल्या,
वेलींवर घड राहिले नाहीत.
त्यावर तिच्याकडे पट्टी नाही,
आणि घंटा बडवायला आता
मी कुणाला वर चढू देत नाही.

आज मला ताप होता. उठेपर्यंत अंधार पडला.
कंदील आणि बादली घेऊन भिंतीशी गेलो,
तर माती आधीच ओली.
सवयीनं मी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ, चांदण्या.
मग कंदील खाली धरला :
चिखलात रबरी बुटांचे ठसे,
लहान मापाचे,
डावा बूट टाचेला फाटलेला.